लू माजॉंची २४ मे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत शिलाँगमध्ये परदेशी गायकांचे मोठे कार्यक्रम होऊ लागले आहेत आणि मराठी वृत्तपत्रंही त्यांची दखल घेतात, याचा आनंद आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे ब्रायन ॲडम्स येऊन गेले, फेब्रुवारी २०२५ मध्ये एड शीरन. अशा प्रत्येक बातमीत शिलाँग म्हणजे भारताची रॉकची राजधानी, हे वाक्य असतंच. पण हे गाव तसं कुणामुळे झालं, ते वाचायला मिळत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीमुळे मला तिथे राहायला मिळालं. त्या गावचं देणं लागतो, म्हणून लिहितो आहे.

गायक-गिटारवादक लू माजॉ शिलाँगचेच. जन्म १९४७चा, घरची परिस्थिती बेताची, लहानपणी स्वतःची गिटारही नव्हती. साठच्या दशकात ते कोलकात्याला गेले आणि तिथल्या हॉटेलांत, क्लबांत गाऊन राहिले. अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलन त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडला तो तिथेच. पुढे ते आपल्या गावी परतले आणि १९७२ पासून २४ मे रोजी, म्हणजे डिलनच्या वाढदिवशी, शिलाँगमध्ये त्याच्या गाण्यांचा कार्यक्रम करू लागले. मेघालय राज्य स्थापन झालं २१ जानेवारी १९७२ला. म्हणजे राज्य आणि हा कार्यक्रम एकाच वयाचे. डिलनला नोबेल मिळालं २०१६ साली. तोवर या डोंगरातल्या गावात त्याचा वाढदिवस साजरा होऊन चार दशकं उलटली होती.

लू माजॉंवर जे थोडंफार छापून येतं, ते बहुतेक त्यांच्या कपड्यांवर अडतं. पांढरे लांब केस, कापलेल्या जीन्सची तोकडी चड्डी, दोन पायांत दोन रंगांचे मोजे. हे सगळं खरं आहे, पण हा माणूस मोठा आहे तो यामुळे नव्हे. मी त्यांना ऐकलं आहे. रेकॉर्डवरचं गाणं जसंच्या तसं उतरवून दाखवण्यात त्यांना रस नसतो. गिटारवर उजव्या हाताचा ठोका दणकट, आवाज घोगरा आणि मोकळा, आणि शब्द आला की हात आपोआप मागे सरतो. डिलनचं बरंचसं गाणं तीन-चार कॉर्ड्सवर, म्हणजे एकत्र छेडलेल्या सुरांच्या जुळण्यांवर, उभं असतं. लोकगीतं, कृष्णवर्णीयांचा ब्लूज, अमेरिकेतल्या डोंगराळ मुलुखातली कथागीतं, हे त्याचं मूळ. असं गाणं वाजवायला सोपं आणि निभवायला फार अवघड, कारण लपायला जागाच नसते. सुरावटीची नक्षी नाही, तानांची आतषबाजी नाही. गाणाऱ्याला त्या शब्दांवर विश्वास आहे की नाही, हे पहिल्या कडव्यातच कळतं. लू माजॉंच्या बाबतीत मला ते कळायला तेवढाही वेळ लागला नाही.

हे गाणं खासी डोंगरांत रुजलं, यात नवल नाही. दुइतारा नावाचं तंतुवाद्य तिथे पूर्वीपासून आहे, त्यावर गोष्टी गाऊन सांगण्याची रीत आहे. वेल्श मिशनरी थॉमस जोन्स १८४१ मध्ये सोहराला, म्हणजे चेरापुंजीला, आले, त्यानंतर चर्चमधून चार आवाजांत गाण्याची सवय घरोघरी पोचली. गिटार आली तेव्हा तिला परकं वाटावं असं तिथे काही नव्हतं. तरीही नुसत्या परंपरेवर गाव उभं राहत नाही. दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी कुणीतरी उभं राहून वाजवावं लागतं, पाऊस असो, ऐकायला किती माणसं येतात हे माहीत नसो. मे अखेरीस तिथे आभाळ भरलेलंच असतं. आज त्या गावातली मुलं ब्लूज वाजवतात. रूडी वॉलाँग आणि टिप्रिती खरबांगर यांच्या 'सोलमेट' या बँडने वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओतला ब्लूज महोत्सव गाजवला, तो आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. पुण्यात सुरू झालेला 'एनएच७ वीकेंडर' हा संगीत महोत्सव २०१५ मध्ये मेघालयात गेला. त्याला तिथे तयार श्रोता मिळाला, तो एका रात्रीत घडला नव्हता.

हजारो मैलांवरच्या अमेरिकन गायकाचा वाढदिवस आपण कशाला साजरा करायचा, असं मला अनेकांनी विचारलं आहे. मी मिरजेचा आहे, त्यामुळे हा प्रश्न मला पडला नाही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या कैरान्याचे. ते मिरजेत राहिले, १९३७ मध्ये वारले, आणि इथल्या दर्ग्यात त्यांच्या आठवणीसाठी मोठमोठे गवई पिढ्यान् पिढ्या हजेरी लावत आले. त्यांतल्या कित्येकांनी खाँसाहेबांना पाहिलेलंही नव्हतं. कैराना कुठे आणि मिरज कुठे, असं आम्ही कधी विचारलं नाही. लू माजॉ आपल्या गावात बसून डिलनसाठी जे करतात ते मला याच जातीचं वाटतं, आणि त्याला वेड किंवा हौस म्हणून बाजूला सारलं की मला राग येतो.

मेघालय सरकारने अलीकडे स्थानिक कलाकारांना सार्वजनिक ठिकाणी मानधन देऊन वाजवायला लावणारी योजना सुरू केली आहे. उत्तम आहे. आपल्याकडे 'कोल्डप्ले' या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांवर जानेवारी २०२५ मध्ये पानंच्या पानं आली. त्याबद्दल तक्रार नाही, लोकांना ते हवं होतं. पण सांगली, नाशिक, लातूर इथे वर्षानुवर्षं आपल्याच गावात वाजवणारा, साठी-सत्तरीला आलेला गिटारवादक असला, तर त्याच्या कार्यक्रमाची आगाऊ सूचनादेखील छापून येत नाही, परीक्षण तर दूरच. नगरपालिकेच्या नाट्यगृहाची तारीखही त्याला सहज मिळत नाही.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. लू माजॉंनी पंचाहत्तरी केव्हाच ओलांडली आहे. येत्या २४ मेच्या आधी त्यांच्यावर एक सविस्तर लेख द्यावा, शक्य झाल्यास त्यांच्याशी बोलून, आणि सोबत छायाचित्र छापाल तर ते मोज्यांचं नको, गिटारवरच्या हातांचं असू द्या. दुसरी विनंती, जिल्हा आवृत्त्यांमध्ये आठवड्यातून एकदा तरी गावातल्या वादकांच्या कार्यक्रमांना चार ओळींची जागा राखून ठेवावी. मिरज आणि सांगलीपुरती माहिती गोळा करून पाठवायची माझी तयारी आहे.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज