अपडेट येऊ द्या, पण सकाळी सहाला

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

अपडेट झाल्यापासून आईचा फोन दुपारीच मान टाकतो. ते बघून बाबांनी स्वतःच्या फोनवरची अपडेटची सूचना 'नंतर आठवण करा' म्हणत किती महिने ढकलली आहे, देव जाणे. त्यात शेजारच्या काकांचं 'काहून करता अपडेट, फोन मरते ना!' सुरूच असतं. फोनवर सांगितलेलं अर्धं निसटतं, म्हणून सगळं एकदा लिहूनच पाठवते.

आधी आईच्या फोनचं. मोठं अपडेट बसलं की फोन पुन्हा सुरू होतो. पडद्यावर सगळं नेहमीसारखं दिसतं, पण आतलं काम संपलेलं नसतं. प्रत्येक अ‍ॅपचा कोड नव्या अँड्रॉइडच्या हिशेबाने पुन्हा तयार करून ठेवावा लागतो. २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ७ पासून हे काम एका दमात होत नाही. फोन चार्जरला लावलेला असेल आणि कुणी त्याला हात लावत नसेल, तेव्हा ते थोडंथोडं उरकलं जातं. आई, तू रात्री फोन बंद करून झोपतेस आणि दिवसा स्वयंपाक करता करता अर्धा-अर्धा तास चार्जिंगला लावतेस. मग त्याला निवांत वेळ मिळणार कधी? तोवर प्रत्येक अ‍ॅप उघडताना प्रोसेसरला जास्त राबावं लागतं, फोन गरम होतो आणि बॅटरी उतरते. तेव्हा दोन-तीन रात्री फोन बंद करू नकोस. मागचं कव्हर काढ, फोन टेबलावर उघडा ठेव (उशीखाली किंवा गादीवर नाही), वायफाय चालू ठेव आणि चार्जर लावून झोप.

फोटोंचं कामही याच दिवसांत निघतं. अपडेटनंतर बऱ्याचदा गॅलरी सगळे फोटो पुन्हा चाळून चेहरे आणि जागा ओळखायला बसते. प्ले स्टोअरमधली तीस-चाळीस अ‍ॅप्सही त्याच सुमारास आपापली नवी आवृत्ती उतरवून घेतात. म्हणून पहिल्या दोन दिवसांतल्या बॅटरीवरून काही ठरवू नका. तीन दिवस पूर्ण होऊ द्या, मग बघा.

बघायचं कसं, तेही सांगते. रात्री झोपताना बॅटरी किती टक्के आहे ते कॅलेंडरवर लिहा. एक रात्र मुद्दाम चार्जर न लावता, वायफाय चालू ठेवून फोन तसाच ठेवा आणि सकाळी पुन्हा आकडा बघा. सात-आठ तासांत तीन ते सहा टक्के उतरले तर काळजी नाही. पंधरा-वीस उतरले तर एखादं अ‍ॅप रात्रभर जागं आहे. सेटिंग्जमध्ये बॅटरी उघडली की कुठल्या अ‍ॅपने किती खाल्ली ते ओळीने दिसतं. व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब वर असणं साहजिक आहे. पण जे अ‍ॅप तुम्ही दिवसभर उघडलंच नाही तेच वर बसलं असेल, तर ते नव्या अँड्रॉइडशी जुळत नसून आतल्या आत अडकलं आहे. आधी प्ले स्टोअरमधून त्याचंच अपडेट करा. नाही जमलं तर काढून टाका. न काढता येण्यासारखं असेल तर सॅमसंगच्या फोनमध्ये बॅटरीच्या पानावर 'बॅकग्राउंड युसेज लिमिट्स' आहे, तिथे 'डीप स्लीपिंग अ‍ॅप्स'च्या यादीत टाका. औषधाची आठवण देणारं अ‍ॅप आणि व्हॉट्सअ‍ॅप मात्र त्या यादीत चुकूनही नको, नाहीतर आठवणही येणार नाही आणि माझे मेसेजही.

बॅटरीची टक्केवारी हा अंदाज असतो, हेही डोक्यात असू द्या. आत किती वीज उरली ते थेट मोजता येत नाही. व्होल्टेज आणि आत-बाहेर गेलेल्या करंटवरून फोन हिशेब मांडतो, आणि जुन्या बॅटरीत तो चुकू शकतो. १८ टक्क्यांवरून फोन एकदम बंद पडणं हा त्याचाच प्रकार. २०२४ च्या मे महिन्यात नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातम्या झाल्या, आठवतं? दोष सेन्सरचा निघाला होता. बॅटरीच्या आकड्यावरही तसाच डोळे मिटून विश्वास नको.

कधीकधी अपडेटनंतर काही सेटिंग्ज न विचारता बदलतात, तीही तपासा. डिस्प्लेमध्ये 'मोशन स्मूथनेस' किंवा रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा नवा होतो तो आकडा) ६० वरून १२० वर गेला असेल तर बॅटरी नक्कीच लवकर उतरते. तुम्हा दोघांना ६० पुरे. 'ऑलवेज ऑन डिस्प्ले' (पडदा बंद असतानाही वेळ दाखवत राहणारी सोय) बंद करा. नेटवर्क मोडमध्ये ५जी आपोआप निवडलं गेलं असेल आणि आपल्या मागच्या खोलीत ५जीची एकच काडी येत असेल, तर फोन सतत ५जी आणि ४जीमध्ये उड्या मारत राहतो. तिथे ४जीच ठेवा. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

आता खऱ्या गुन्हेगाराकडे येते, ते म्हणजे आपलं नागपूरचं ऊन. लिथियम-आयन बॅटरी वापराने आणि वयाने झिजतेच, पण उष्णतेत ती फार लवकर झिजते. फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा, असं अ‍ॅपल स्वतःच सांगतं, आणि इतर कंपन्यांची मर्यादाही साधारण तीच. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि ४५ च्या आसपास तर बहुतेक उन्हाळ्यांत जातंच. म्हणजे दुपारी इतवारीत जाताना फोन स्कूटरच्या डिक्कीत ठेवला, तर तो कुठल्याही कंपनीने सांगितलेल्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर जातो. त्यातही सगळ्यात वाईट म्हणजे शंभर टक्के भरलेली बॅटरी आणि कडक उष्णता एकत्र. तेव्हा आतल्या रासायनिक क्रिया वेगाने होतात, बॅटरीच्या आतल्या इलेक्ट्रोडवरचा (विजेच्या टोकांवरचा) थर जाड होतो आणि गेलेली क्षमता परत येत नाही. कित्येकदा अपडेट मार्चमध्ये होतं, फोन मेमध्ये रडायला लागतो, आणि नाव होतं अपडेटचं!

म्हणून मे-जूनमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवा. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी प्रोटेक्शन, आणि तिथे 'मॅक्सिमम'. इतर बऱ्याच कंपन्यांच्या फोनमध्येही वेगळ्या नावाने ही सोय असते. दुपारी बारा ते पाच चार्जिंग टाळा. फोन फार तापला की तो स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करतो किंवा थांबवतो. तो बिघाड नाही, लगेच चार्जर बदलायला धावू नका. फोन कूलरच्या अगदी तोंडाशी ठेवू नका, तुषार चार्जिंगच्या भोकात जातात. आणि आई, तापलेला फोन फ्रिजमध्ये अजिबात नाही. बाहेर काढल्यावर आत पाणी सुटतं.

काकांचं म्हणणं मात्र अगदीच निराधार नाही. २०१७ च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅपलने कबूल केलं होतं की अपडेटमधून जुन्या आयफोनचा वेग कमी केला जात होता. कारण असं, की झिजलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे आतल्या आत विजेला होणारा अडथळा, वाढतो. प्रोसेसरने एकदम जास्त करंट मागितला की तिचं व्होल्टेज कोसळतं आणि फोन पटकन बंद पडतो. ते टाळायला अपडेटने प्रोसेसरलाच लगाम घातला. इलाज चुकीचा नव्हता, न सांगता केला हे चुकीचं होतं. मग कंपनीने बॅटरी बदलण्याचा दर उतरवला, आणि नवी बॅटरी बसवलेल्या फोनचा वेग परत आला. म्हणजे मूळ दुखणं बॅटरीचंच होतं. २०१८ मध्ये इटलीने जुन्या फोनवर जड अपडेट लादल्याबद्दल अ‍ॅपल आणि सॅमसंग दोघांनाही दंड ठोठावला. २०२५ च्या जुलैमध्ये गूगलने पिक्सेल ६ए या स्वतःच्या फोनसाठी सक्तीचं अपडेट काढलं. बॅटरी तापण्याचा धोका होता म्हणून ४०० चार्ज सायकलनंतर, म्हणजे एकूण ४०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर, तिची क्षमता आणि चार्जिंगचा वेग कमी करणारं. अशी उदाहरणं आहेत, पण ती ठरावीक मॉडेलची आहेत. दर महिन्याच्या सुरक्षा पॅचला (फोनच्या सुरक्षेतली भोकं बुजवणाऱ्या छोट्या अपडेटला) त्याच रांगेत उभं करणं बरोबर नाही.

बाबा, आता तुमचा फोन. अपडेट दोन जातींची असतात. एक सुरक्षा पॅच. आकाराने लहान, बहुधा काही शे एमबी, आणि फोन हळू न करणारा. तो आला की त्याच आठवड्यात घ्या, कारण तुमची बँक आणि यूपीआय याच फोनवर आहे. दुसरं अँड्रॉइडची आवृत्तीच बदलणारं, एक-दोन जीबीचं किंवा त्याहून मोठं. ते दोन-तीन आठवडे थांबून घ्या, तोवर पहिल्या आवृत्तीतले दोष दुरुस्त करणारं छोटं अपडेट बहुतेक येतं. तुमच्या फोनची रॅम ४ जीबी आहे, तेव्हा मोठ्या अपडेटनंतर तो थोडा जड चालेल हे मी मान्य करते. पण कायम जुन्याच आवृत्तीवर राहिलात तर एकेक अ‍ॅप साथ सोडतं. जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सअ‍ॅप अँड्रॉइड ५ च्या खालच्या फोनवर चालत नाही. नोव्हेंबरात घरबसल्या हयातीचा दाखला देताना आधारचं चेहरा ओळखणारं अ‍ॅप लागतं, तेही फार जुन्या अँड्रॉइडवर चालत नाही.

करायचं कधी? सकाळी सहाला, ट्रॅफिक पार्कला फिरायला निघण्याआधी. तेव्हा घर थंड असतं. आदल्या रात्री फोन चार्ज करून ठेवा, कमीत कमी ५० टक्के तरी हवेच. सेटिंग्जमध्ये स्टोरेज बघा, ८-१० जीबी मोकळे हवेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'चॅट्स' आणि त्यात 'चॅट बॅकअप' दाबा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोनचा पिन डायरीत लिहा. रोज बोटाने उघडायची सवय झाली की पिन विसरतो, आणि फोन पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्यांदा तो फक्त पिननेच उघडतो. मग सॉफ्टवेअर अपडेट, 'डाउनलोड अँड इन्स्टॉल'. काही फोन सगळं आतल्या आत बसवून नुसता रीस्टार्ट मागतात. काही दहा-वीस मिनिटं बंदच राहतात आणि पडद्यावर नुसता कंपनीचा लोगो दिसतो. बटणं दाबत बसू नका, फिरून या. तासाभरानेही लोगोच असेल तर सॅमसंगमध्ये पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दहा-पंधरा सेकंद दाबून धरा.

रात्री आपोआप अपडेट होण्याचा पर्याय बंद ठेवा. फोन मध्यरात्री रीस्टार्ट झाला आणि पिन टाकलेला नसला, तर औषधाची आठवण देणारी काही अ‍ॅप्स सुरूच होत नाहीत, आणि फोन आला तर नावाऐवजी नुसता नंबर दिसतो.

अपडेट आवडलं नाही म्हणून 'जुनं व्हर्जन टाकून देतो' म्हणणाऱ्या दुकानदाराला फोन देऊ नका. त्यासाठी बऱ्याचदा फोनच्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडावं लागतं, सगळा डेटा पुसला जातो आणि नंतर बँकेची अ‍ॅप्स बहुधा चालायला नकार देतात. वेग वाढवणारी 'क्लीनर' अ‍ॅप्सही नकोत, ती स्वतःच पार्श्वभूमीला बसून बॅटरी खातात. फोन हळू वाटला तर आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा आणि सुप्रभातचे फोटो काढून टाका. साठवण भरत आली की फोनला नवीन काही लिहायला मोकळी जागा शोधत बसावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', मग 'मॅनेज स्टोरेज', तिथे ५ एमबीच्या वरचं सगळं एकत्र मिळतं. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणंही तिथूनच बंद करा.

एवढं करून तिसऱ्या दिवसानंतरही आईचा फोन दुपारी बंद पडत असेल, तर बॅटरी बदलायची. सॅमसंग मेंबर्स अ‍ॅपच्या तपासणीत बॅटरीची अवस्था दिसते. आयफोनमध्ये 'बॅटरी हेल्थ'चा आकडा ८० च्या खाली गेला की समजायचं. अधिकृत सेवा केंद्रातच जा आणि पावती घ्या. बर्डीच्या फुटपाथवरची स्वस्त बॅटरी नको. फोनची मागची बाजू फुगलेली किंवा पडदा कडेने उचललेला दिसला तर मात्र तीन दिवस थांबू नका. चार्जिंग त्याच क्षणी बंद, फोन बंद, दाबून बघायचं नाही, आणि त्याच दिवशी सेवा केंद्र.

शेवटचं बाबांसाठी. फोनचं अपडेट फक्त सेटिंग्जमधूनच येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर 'बँक अपडेट' किंवा 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाईल (उघडली की फोनमध्ये परस्पर प्रोग्रॅम बसवणारी) आली, तर पाठवणारा ओळखीचा असला तरी उघडू नका. त्याचाच फोन आधी फसलेला असू शकतो. चुकून उघडलीच तर आधी विमान मोड चालू करा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. मला त्यानंतर.

आईच्या फोनवरचं बॅटरीच्या वापराचं पान शनिवारी रात्री मला पाठवा. रविवारी फोन करेन तेव्हा कुठलं अ‍ॅप काढायचं ते ठरवू.

तुमची,
लेक