कायदामंत्र्यांना खुले पत्र : 'नमुना २०' मधल्या उरलेल्या आकड्यांबद्दल

प्रति,
माननीय केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

मी गणिताची शिक्षिका, आता निवृत्त. शाळेत नोकरी म्हटल्यावर निवडणुकीच्या कामातून सुटका नसते, माझीही झाली नाही. मतदान केंद्राध्यक्ष म्हणून मध्यरात्री यंत्रं जमा केली आणि दोन वेळा मतमोजणीच्या टेबलावर पर्यवेक्षक म्हणून बसले. हरलेल्यांना पडलेल्या मतांनाही लोकसभेत वाटा मिळावा, असं मागणारं हे पत्र त्या टेबलावर सुचलं, लिहायला मात्र निवृत्ती उजाडली.

टेबलावर मतदान यंत्राचं कंट्रोल युनिट येतं. जाळीपलीकडच्या प्रतिनिधींना सील दाखवायचं आणि निकालाचं बटण दाबायचं. पडद्यावर एकेका उमेदवाराचा क्रमांक आणि त्याची मतं येत जातात, ती '१७-सी'च्या, म्हणजे त्या केंद्राच्या मतांच्या हिशोबाच्या नमुन्याच्या, दुसऱ्या भागात उतरवायची. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना जाळीपलीकडे सगळ्यांची पेनं चालू असतात. दहाव्या-बाराव्या फेरीला पिछाडीवरच्या उमेदवाराचा माणूस पेनाला टोपण लावतो आणि चहाला निघून जातो. मला मात्र त्याच्याही उमेदवाराची मतं शेवटच्या यंत्रापर्यंत लिहावीच लागतात. एकदा शेजारच्या तरुण सहायकाने विचारलं, "मॅडम, या बाकीच्या आकड्यांचं पुढे काय होतं?" मी म्हटलं, "नमुना २० मध्ये, म्हणजे निकालाच्या अंतिम तक्त्यात जातात." तो म्हणाला, "आणि मग?"

मग काही नाही. फाइलला लागतात.

हे 'काही नाही' केवढं मोठं आहे ते बघा. २०१४ च्या लोकसभेला तामिळनाडूत अण्णा द्रमुकने ४४ टक्के मतांवर ३९ पैकी ३७ जागा जिंकल्या. द्रमुकला सुमारे २४ टक्के मतं पडली आणि जागा शून्य. दहा वर्षांनी पारडं फिरलं. द्रमुकच्या आघाडीने ३९ च्या ३९ घेतल्या, आणि पाचातल्या एका मतदाराने ज्यांना मत दिलं त्या अण्णा द्रमुकच्या हाती भोपळा. त्याच २०१४ साली बहुजन समाज पक्ष देशभरच्या मतांत तिसऱ्या क्रमांकावर होता. दोन कोटींच्या वर मतं, खासदार एकही नाही. महाराष्ट्रात २०२४ ला दोन्ही आघाड्यांची मतं जवळजवळ बरोबरीत सुटली, जागा मात्र ३० आणि १७.

हे कुणा एका पक्षाचं रडगाणं नव्हे. १९८४ च्या निवडणुकीत काँग्रेसने चारशेवर जागा मिळवल्या, त्याही निम्म्याहून कमी मतांवर. भाजपला तेव्हा सातेक टक्के मतं होती आणि जागा दोन. देशभरची निम्मी मतं आजवर एकाही पक्षाला लोकसभेत मिळालेली नाहीत. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, पण सूप रिकामं व्हायला आपल्याकडे पाच-दहा वर्षं पुरतात, एवढं कुठल्याही पक्षाच्या कार्यालयात ठाऊक असतं.

प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, म्हटलं की हे परदेशातलं खूळ आहे असं म्हणायची रीत आहे. राज्यसभा, विधान परिषद आणि राष्ट्रपती यांच्या निवडणुकांसाठी संविधानाने हेच तत्त्व एकल संक्रमणीय मताच्या (उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा, एकाला जास्त झालेली मतं पुढच्या पसंतीकडे जातात) रूपात पहिल्यापासून घालून दिलेलं आहे. १० जून २०२२ ची रात्र महाराष्ट्र विसरलेला नाही. राज्यसभेच्या सहा जागा, सात उमेदवार. मतमोजणी पहाटेपर्यंत लांबली. सहाव्या जागेसाठी एका उमेदवाराला पहिल्या पसंतीची ३३ मतं होती, दुसऱ्याला २७. जिंकला २७ वाला. कारण त्याच्या पक्षाच्या दोन उमेदवारांना ४८-४८ मतं होती. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, ४१ च्या आसपास, तेव्हा दोघांकडून मिळून चौदा-पंधरा मतांचं मोल खाली उतरलं आणि ते त्याच्या पदरात पडलं. त्या रात्री राजकारणाचं काय झालं ते झालं, मला आनंद याचा की सकाळी चहाच्या टपरीवरसुद्धा लोक कोट्याचा हिशोब करत होते. लोकांना जमत नाही, हे कारण तेव्हापासून मला कुणी सांगू नये.

मग आमदाराच्या मताला हा मान आणि आमच्या मताला का नाही?

याचं उत्तर संविधान सभेत दिलं गेलं होतं, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. जानेवारी १९४९ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेलाही प्रमाणशीर प्रतिनिधित्व हवं अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांचं म्हणणं दोन मुद्द्यांचं होतं. पसंतीक्रम लिहायला किमान अक्षरओळख लागते आणि ती तेव्हा बहुसंख्य देशाला नव्हती. आणि नव्या देशाला स्थिर सरकार हवं, कायदेमंडळाचे तुकडे नकोत. पहिला मुद्दा आता उरलेला नाही. साक्षरता वाढली हे एक, आणि दुसरं म्हणजे यादी पद्धतीत (मत पक्षाला, खासदार पक्षाने आधी लावलेल्या नावांच्या यादीतून) आकडे लिहावेच लागत नाहीत, चिन्हासमोरचं बटण दाबलं की झालं. दुसऱ्या मुद्द्याबद्दल मी एवढंच म्हणेन की १९८९ पासून पंचवीस वर्षं एकाही पक्षाला एकट्याच्या बळावर लोकसभेत बहुमत मिळालं नाही, आणि ते सध्याच्याच पद्धतीत. तुकडे टाळण्यासाठी जी किंमत आपण मोजतो, तिचा माल काही दर वेळी हाती येत नाही.

पद्धत बदलली की निवडणुकीत नेमकं काय बदलतं, हे पाहायला न्यूझीलंड बरा. आपल्यासारखीच ब्रिटिश वळणाची संसद. १९७८ आणि १९८१ या लागोपाठच्या दोन निवडणुकांत जास्त मतं मजूर पक्षाला आणि जास्त जागा नॅशनल पक्षाला. १९८१ ला सोशल क्रेडिट नावाच्या पक्षाला २० टक्क्यांवर मतं आणि ९२ पैकी २ जागा. १९८६ मध्ये शाही आयोगाने मिश्र पद्धत सुचवली. पंतप्रधान लाँगी यांनी १९८७ च्या टीव्हीवरच्या वादचर्चेत सार्वमताचं आश्वासन दिलं. टिपण चुकीचं वाचून ते बोलून गेले असं तिकडे सांगतात. काही असो, शब्द तोंडातून गेला. १९९२ आणि १९९३ च्या सार्वमतांत लोकांनी बदलाचा कौल दिला आणि १९९६ ची निवडणूक नव्या पद्धतीने झाली. मतदाराला दोन मतं, एक मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरं पक्षाला. संसदेतल्या एकूण जागा ठरतात त्या दुसऱ्या मतावर.

याचा परिणाम प्रचारावर होतो. आपल्याकडे बालेकिल्ल्यात कुणी फिरकत नाही: ज्याचा किल्ला तो निर्धास्त, ज्याचा नाही तो हताश. दोघांनाही तिथल्या मतदाराची गरज नसते. पक्षाचं मत देशभर मोजलं जायला लागलं की हरणाऱ्या मतदारसंघातली चाळीस हजार मतंही कामाची ठरतात आणि ती मागायला कुणी तरी दारात येतं. दुसरा परिणाम मतदाराच्या डोक्यात होतो. 'आवडतो तो निवडून येणार नाही, मग नावडत्याला पाडण्यासाठी तिसऱ्याला मत द्या' हा हिशोब ढिला पडतो. मतं खाणारा उमेदवार उभा करण्याचा धंदाही मंदावतो, कारण खाल्लेली मतं वाया जात नाहीत. तिसरी गोष्ट, याद्या. दहा नावं एकत्र छापायची म्हटली की दहाही पुरुष छापायला पक्षाला जड जातं. १९९६ लाच तिकडे संसदेत स्त्रियांचं प्रमाण २१ वरून २९ टक्क्यांवर गेलं.

सगळं गोड झालं असं नाही. त्या पहिल्या निवडणुकीनंतर न्यूझीलंड फर्स्ट या १७ जागांच्या पक्षाने दोन महिने दोन्ही मोठ्या पक्षांना ताटकळत ठेवलं, आणि जमलेलं सरकार दोन वर्षांत फुटलं. लोक वैतागले. पण २०११ मध्ये पुन्हा सार्वमत घेतलं तेव्हा ५७ टक्क्यांवर लोकांनी हीच पद्धत ठेवा म्हणून सांगितलं.

जवळचं उदाहरण नेपाळचं. २७५ जणांचं सभागृह, १६५ थेट निवडून आणि ११० समानुपातिक, म्हणजे पक्षांच्या यादीतून मतांच्या प्रमाणात. २०१७ मध्ये एमाले आणि नेपाळी काँग्रेस या दोन पक्षांना यादीच्या मतपत्रिकेवर जवळजवळ सारखी, ३३ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. यादीतून जागा मिळाल्या ४१ आणि ४०. थेट लढतीत मात्र ८० आणि २३. एकाच निवडणुकीत, त्याच मतदारांनी! वर्गात शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालं नसतं. यादी नसती तर तो दुसरा पक्ष संसदेत नावापुरता उरला असता. पण नेपाळमध्येच या याद्यांत नेत्यांचे नातेवाईक आणि पैसेवाले घुसतात अशी ओरड कायम आहे, आणि ती खोटी नाही.

श्रीलंकेचा धडा उलट्या बाजूचा. १९७७ मध्ये जुन्या पद्धतीने युनायटेड नॅशनल पार्टीने ५१ टक्के मतांवर १६८ पैकी १४० जागा घेतल्या. तीस टक्के मतं मिळवणाऱ्या पक्षाला ८ जागा. एवढ्या राक्षसी बहुमताच्या जोरावर पुढच्याच वर्षी संविधान बदललं, आणि १९८२ मध्ये निवडणुकीऐवजी सार्वमत घेऊन त्याच संसदेची मुदत वाढवली. प्रमाणशीर पद्धतही त्या १९७८ च्या संविधानातलीच, पण तिने पहिली संसद निवडली ती १९८९ ला. तिकडे मतदार पक्षाच्या यादीतल्या नावांनाही पसंती देतो, त्यामुळे श्रेष्ठींची मक्तेदारी मोडली. पण एकाच पक्षाचे उमेदवार एकमेकांच्याच जिवावर उठायला लागले. फुकट काही मिळत नाही.

महोदय, आता मुद्द्याचं. हा विषय आज काढायला कारण आहे. मतदारसंघांची पुनर्रचना दाराशी आहे. ८४ व्या घटनादुरुस्तीने ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत थोपवली होती. महिला आरक्षणाची १०६ वी घटनादुरुस्तीही पुनर्रचनेला जोडलेली आहे. नव्या लोकसभेत ८८८ आसनं बसवून झाली आहेत. म्हणजे जागा वाढवण्याची तयारी बाकांपर्यंत आलेली आहे. माझी विनंती एवढीच की वाढवणार असाल तर त्या सगळ्या नव्या मतदारसंघांत वाटून टाकू नका. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात सुचवलं होतं की लोकसभेच्या जागा पाव हिस्स्याने वाढवाव्यात आणि त्या पक्षांच्या यादीतून भराव्यात. ५४३ च्या हिशोबाने साधारण १३६. एकाही विद्यमान खासदाराचा मतदारसंघ जात नाही. राजकारणात एवढी बिनदुखण्याची सुधारणा क्वचितच समोर येते.

यात एक मेख आहे आणि ती मसुद्यात हळूच घुसते, म्हणून आधीच सांगते. यादीच्या जागा दोन तऱ्हांनी वाटता येतात. नेपाळसारखं समांतर, म्हणजे थेट जिंकलेल्या जागा न बघता, वाटप केलं तर वरच्या तामिळनाडूच्या उदाहरणात समजा दहा जागा वाढल्या, तर ३७ जिंकलेल्या पक्षाला त्यातल्या आणखी चार-पाच मिळतील आणि शून्यवाल्याला दोन-तीन. भरलेल्या ताटात पुन्हा वाढप. न्यूझीलंडसारखं भरपाईचं वाटप केलं तर ४४ टक्क्यांचा वाटा त्या पक्षाने थेट जागांतच उचललेला आहे असं धरून दहाही जागा बाकीच्यांकडे जातात आणि बहुतेक द्रमुकला मिळतात. शब्दांत फरक दोन ओळींचा, निकालात केवढा! भरपाईचाच रस्ता धरा, आणि राज्य हेच एकक ठेवा, म्हणजे कुठल्या राज्याच्या वाट्याला किती या वादात आणखी तेल पडणार नाही.

यादीतून जागा मिळायला किमान मतांची अट लागेल हे मान्य. इस्रायलमध्ये ती ३.२५ टक्के आहे आणि तिथे २०१९ ते २०२२ या काळात पाच वेळा निवडणुका झाल्या. जर्मनीत ५ टक्के आहे. तिथे २०२५ मध्ये एक पक्ष ४.९८ टक्क्यांवर अडकून संसदेबाहेर राहिला, दहा हजारांहूनही कमी मतं कमी पडली. म्हणजे अटीतही मतं वाया जातात. पण पाच टक्क्यांच्या आतली वाया जाणं आणि चोवीस टक्के वाया जाणं यांत फरक करायला गणिताची पदवी लागत नाही.

याद्यांच्या बाबतीत मी आशावादी नाही. तिकीटवाटप मध्यरात्री होतं, बी-फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, शेवटच्या तासाला पोचतो, अशा पक्षांच्या हाती बंद यादी देणं म्हणजे काय ते मला कळतं. म्हणून यादी अर्ज भरण्याच्या दिवशीच क्रमासह जाहीर व्हावी, नंतर त्यात खाडाखोड नको, आणि एका आड एक नाव स्त्रीचं असावं. एवढ्याने नात्यागोत्याची भरती थांबेल असं मी म्हणत नाही. निदान ती मतदानाआधी दिसेल.

यासाठी अनुच्छेद ८१ ला हात लावावा लागेल, तेव्हा हे एका अधिसूचनेचं काम नाही. पण पुनर्रचनेच्या निमित्ताने ते पान उघडलं जाणारच आहे. त्या मसुद्यासोबत १७० वा अहवाल खासदारांच्या टेबलावर ठेवावा आणि यादीच्या जागांचा पर्याय संयुक्त समितीकडे लेखी पाठवावा, एवढी मागणी आहे.

२०२४ चे 'नमुना २०' राज्याराज्यांच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळांवर आहेत. भरपाईची पद्धत असती तर राज्यवार कुणाला किती जागा मिळाल्या असत्या, याचे तक्ते मी करायला घेतले आहेत. महाराष्ट्र आणि तामिळनाडू झाले, उत्तर प्रदेश चालू आहे. मंत्रालयाला हवे असतील तर कळवावं, पोस्टाने पाठवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका व माजी मतदान केंद्राध्यक्ष