ती बघ्याची भूमिका नव्हती!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘आग समोर, जवान बघ्याच्या भूमिकेत’ हा कालचा मथळा वाचून करमणूक झाली. जेसीबीने गॅसची वाहिनी फोडली, खड्ड्यात भडका उडाला आणि अग्निशमन दलाचे जवान ज्वाळेऐवजी शेजारच्या भिंतीवर, रिक्षांवर पाणी मारत राहिले, असे तुमचा वार्ताहर लिहितो. पाहिले बरोबर, अर्थ तेवढा उलटा लावला.

गॅस बंद होईपर्यंत ती ज्वाळा विझवायचीच नसते. पेटलेला गॅस निदान दिसतो आणि जागच्या जागी जळून जातो. ज्वाळा विझवा, की तोच गॅस डांबराखालून, गटारातून, केबलच्या नळीतून शेजारच्या तळघरात शिरणार. हवेत त्याचे प्रमाण 5 ते 15 टक्के झाले, की स्फोटाला दाराची बेल वाजवणेही पुरते. म्हणून बंब वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावायचा, आजूबाजूचे फवाऱ्याने थंड ठेवायचे आणि डिटेक्टर घेऊन गटारांची झाकणे, तळमजले तपासत फिरायचे. खड्ड्यात पाणी भरून ठेवले, तर गॅस कंपनीच्या माणसांनी काम करायचे कुठे?

रस्त्यातले व्हॉल्व्हही दलाने परस्पर फिरवायचे नसतात. ते कंपनीचे काम. व्हॉल्व्ह लांब असेल तर थोड्या अंतरावर दुसरा खड्डा खणून गॅसची प्लास्टिकची नळी दोन दांड्यांत चेपून गॅस अडवतात. त्याआधी तिच्यावर ओले फडके टाकून त्याचे टोक मातीला टेकवावे लागते, कारण नळीवर स्थिर वीज साठते आणि ठिणगी तिथेच पडते. याला वेळ लागतो हो!

बातमीसोबत लाल सिलिंडरचा फोटो कशाला? सिलिंडरमधला गॅस जड, जमिनीलगत साचतो. पाइपमधला हलका, छताकडे जातो. त्याहून कहर म्हणजे चौकटीतला सल्ला : ‘वास येताच दिवे-पंखे बंद करा.’ कृपा करून असले छापू नका. बटण चालू करताना पडते तशीच ठिणगी बंद करतानाही पडते. बटणाला हात न लावता खिडक्या उघडाव्यात, मीटरजवळच्या व्हॉल्व्हची दांडी पाइपला आडवी करावी आणि बाहेर पडून मगच 101 ला फोन लावावा.

जवानांवर अर्धे पान खर्ची घातलेत. खणण्याआधी गॅसवाहिनीचा नकाशा पाहिला होता का, हे ठेकेदाराला विचारायला दोन ओळीही उरल्या नाहीत?

— एक वाचक, ठाणे