एका भेटीत आई कशी कळणार?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मी पर्वती पायथ्याच्या एका वस्तीत अंगणवाडी सेविका आहे. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडची पाच वर्षांची एक मुलगी दुपारी घरात एकटीच सापडली, कोणीतरी 1098 ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला, फोन केला आणि पोरीला बालगृहात ठेवलं. मुलीची ओळख कळू नये म्हणून जास्त सांगत नाही. फोन करणाऱ्याचं काही चुकलं नाही, मी पण केला असता. माझं म्हणणं पुढच्या चौकशीबद्दल आहे.

चौकशीला सामाजिक कार्यकर्ते एकदाच आले, तेही सकाळी अकराला, तेव्हा आई धुणीभांड्याच्या कामाला गेलेली. घराला कुलूप. मग शेजारणीला विचारलं, जिचं या आईशी नळावरून भांडण चालू, आणि तिनं सांगितलं तेच रिपोर्टमध्ये गेलं. शिवाय घर पत्र्याचं, एकाच खोलीचं, संडास सार्वजनिक. अहो पण ही गरिबी झाली ना, आई म्हणून ती कशी आहे हे यात कुठं आलं?

आमची अंगणवाडी तिथून वीस पावलांवर. माझ्या रजिस्टरमध्ये पोरीचं दर महिन्याचं वजन आहे, एक लस चुकलेली नाही, ताप आला की आई कामाला खाडा करून तिला घेऊन बसायची आणि कामावरच्या बाईंची बोलणी खायची. मला कोणी काही विचारलंच नाही.

2015 च्या बाल न्याय कायद्यात आईवडील सांभाळायला असमर्थ आहेत का हे बालकल्याण समितीनं ठरवायचंय, सामाजिक तपासणी, म्हणजे हीच चौकशी, 15 दिवसात व्हायला हवी, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. मग त्या 15 दिवसात निदान एक भेट तरी संध्याकाळी आई घरी असताना करा की. पोर रडली की कोणाकडे धावते, आई चिडली की काय करते, चूक दाखवली तर ऐकते का, तिच्या अडीनडीला कोण येतं, हे बसून बघावं लागतं. मारहाण किंवा दारू असेल तर तेही स्पष्ट लिहा, आई आहे म्हणून झाकू नका. चांगल्या फ्लॅटमधल्या पोराच्या पाठीवरचे वळ पण मी बघितलेत.

दुपारी पोरीला कुठं ठेवायचं, खरा प्रश्न एवढाच होता. एकट्या आईला सरकारच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला 2,250 रुपये मिळू शकतात, त्यातून सांभाळणारी बाई लावता आली असती, पण तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं. कार्यकर्त्यांकडे केसेस खूप असतात, मला मान्य आहे, माणसं वाढवा मग.

पोर तिसऱ्या महिन्यात घरी आली. आता आई अंगणवाडीच्या दारात सोडून निघाली की ती पदर घट्ट धरून ठेवते, रोज सोडवायला पंधरा मिनिटं लागतात. तपासणी अहवालात अंगणवाडीचं किंवा शाळेचं म्हणणं सक्तीचं करावं एवढी विनंती आहे, आम्ही रजिस्टर घेऊन यायला तयार आहोत.

आपली,
एक अंगणवाडी सेविका, पुणे