विषय : मुलीच्या काचबिंदूवरील लेसर उपचाराचा क्लेम चुकीचे कारण देऊन नाकारल्याबद्दल

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

महोदय,

आमचा क्लेम आपण 'चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी केलेले लेसर' म्हणून फेटाळला आहे. सोबत ७.५ पेक्षा कमी नंबरच्या उपचाराला विमा नाही, असे सांगणारे कलमही जोडलेत. माझ्या मुलीला चष्माच नाही. ती सात वर्षांची आहे, आणि नंबर घालवण्याचे लेसर सहसा अठरा वर्षांच्या आत करत नाहीत. फाइलवरची जन्मतारीख तरी कोणी पाहिली का? चौकशी केली तेव्हा टीपीएच्या (आपल्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) माणसाने ऐकवले, "मॅडम, आँख का लेसर है तो चश्मे का ही होगा."

तिला बालसंधिवात आहे. त्यात डोळ्याच्या आत सूज येते, पण बहुतेकदा डोळा लालही होत नाही आणि दुखतही नाही. सुजेने डोळ्यातले प्रेशर चढते, आणि सूज उतरवायला जे स्टेरॉइडचे ड्रॉप्स द्यावे लागतात, त्यांनीही चढते. डिस्चार्ज समरीत उजव्या डोळ्याचे प्रेशर ३४ लिहिले आहे. ते साधारण २१ च्या आत हवे. प्रेशरचे ड्रॉप्स चालू असूनही ते उतरेना, म्हणून डॉक्टरांनी डायोड लेसर केले. यात डोळ्याच्या पांढऱ्या भागावर प्रोब टेकवून आतल्या, पाणी तयार करणाऱ्या भागावर लेसर देतात. पाणी कमी बनले की प्रेशर उतरते. याने नजर वाढत नाही. आहे ती वाचावी एवढ्यासाठीच हा खटाटोप, कारण काचबिंदूने डोळ्याची नस सुकली तर ती पुन्हा बरी होत नाही.

'२४ तास भरती नाही' हे आपले दुसरे कारण. एवढे लहान मूल हलू नये म्हणून पूर्ण भूल द्यावी लागली, आणि संध्याकाळी घरी सोडले. आपल्याच पॉलिसीत डे केअरची, म्हणजे भूल देऊन २४ तासांच्या आत होणाऱ्या उपचारांची, व्याख्या छापली आहे, ती वाचावी. भूलतज्ज्ञांची नोंद पुन्हा जोडत आहे.

बिल आम्ही सासूबाईंची एफडी मोडून भरले. क्लेम पुन्हा उघडून नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्यावा आणि पूर्ण रक्कम द्यावी. हे लेसर कधीकधी पुन्हा करावे लागते, तेव्हा आजाराची नोंद आताच 'काचबिंदू' अशी दुरुस्त करावी, म्हणजे पुढच्या वेळी कॅशलेस अडणार नाही. उत्तर लेखी हवे, फोन नको. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर भोपाळला विमा लोकपालांकडे जाणार आहे.

आपली,
एक पॉलिसीधारक, इंदूर