लंगरातल्या बाबाजींना

बाबाजी, सत श्री अकाल!

गेल्या भाद्रपदात माझे वडील नांदेडच्या एका दवाखान्यात ११ दिवस आयसीयूत होते. आम्ही कंधार तालुक्यातले. शहरात ओळखीचं कुणी नाही आणि औषधांतच पैसा संपत चाललेला. दोन रात्री आई अन् मी जिन्यात बसून काढल्या, चहा-बिस्किटांवर. तिसऱ्या दिवशी एका रिक्षावाल्याने आम्हाला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दारात आणून सोडलं. म्हणाला, "आधी जेवून घ्या."

आई दारातच अडून बसली. "फुकटचं कसं खायचं?" तुम्ही जोडाघरापाशी, चपला ठेवतात तिथे, उभे होता. तुम्ही गाव विचारलं नाही, जात तर नाहीच. आईने डोक्यावर पदर घेतला, माझ्या डोक्याला तुम्ही रुमाल बांधलात आणि आम्हाला पंगतीत नेऊन बसवलंत. पोळी घ्यायला मी ताट पुढे केलं, तेव्हा म्हणालात, "ताट नाही बेटा, दोन्ही हात. हा प्रसादा आहे."

जेवणं झाल्यावर आईचं पुन्हा तेच सुरू झालं. मग तुम्ही तिला पोळ्या लाटणाऱ्या बायांपाशी नेलंत, सरकून जागा करायला सांगितलंत आणि लाटणं तिच्या हातात दिलंत. "आता तर फुकटचं नाही ना, ताई?"

बाबाजी, जेवण तुम्ही रोज हजारोंना देता. मला आभार मानायचे आहेत ते त्या लाटण्याचे. दवाखान्यात तिच्या हाताला कामच नव्हतं, नुसतं काचेपलीकडे बघत बसायचं. त्या दिवसापासून ती रोज सकाळी तासभर लाटायला यायची, आणि त्याच रात्री तिला पहिल्यांदा झोप लागली.

एका संध्याकाळी कीर्तन ऐकताना तिने नामदेवांचं नाव ऐकलं. दहाव्या गुरूंनी, गुरू गोविंदसिंगांनी, १७०८ साली याच नांदेडात ज्या ग्रंथाला गुरुगादी दिली, त्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवरायांची ६१ पदं आहेत, हे तुम्ही तिला सांगितलंत. माझी आई माळकरी. "म्हणजे आपलेच नामदेव?" तिने विचारलं. तुम्ही म्हणालात, "आपलेच." गावाकडे भेटेल त्याला ती अजून हे सांगते.

वडील आता बरे आहेत, काठी टेकत शेतापर्यंत जाऊन येतात. यंदा दिवाळीनंतर गुरुनानक जयंतीला आई चार दिवस लाटायला येणार आहे. तिच्यासाठी त्याच बायांमध्ये जागा ठेवा.

तुमचा,
रुमाल बांधून दिलेला मुलगा