रेफरल मागण्याआधी

नाशिक

चि. सई हीस,
अनेक आशीर्वाद.

ओळखीतून नोकरी शोधणं म्हणजे वशिला, हे आधी मनातून काढून टाक. वशिल्याला लायकी लागत नाही. रेफरल मिळाला, म्हणजे कंपनीतल्याच माणसाने तुझं नाव पुढे केलं, तरी चाचणी आणि मुलाखत द्यावीच लागते. फक्त अर्जांच्या ढिगातला तुझा बायोडेटा एचआर उघडून बघतात.

जवळच्या मैत्रिणींना ठाऊक असलेल्या जागा बहुधा तुलाही ठाऊक असतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं, की ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती नेहमी भेटणाऱ्याकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. म्हणून ज्यांना विचारायचं त्यांच्या यादीत तुझ्या आधीच्या बॅचची मुलं, इंटर्नशिपचे सुपरवायझर, तिथे माल पुरवायला येणारे व्हेंडर हवेत. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान युनिटमधल्या जागा पुष्कळदा जाहिरातीशिवायच भरतात, आणि त्यांची खबर व्हेंडरला आधी असते.

लिंक्डइनवर कंपनीच्या पानावर ‘पीपल’मध्ये आपल्या कॉलेजचं नाव टाक, माजी विद्यार्थी सापडतील. त्यांना ‘जॉब असेल तर सांगा’ असं लिहू नकोस. कुठली जागा, कुठला विभाग, हा सगळा विचार समोरच्यावर पडतो आणि उत्तर राहून जातं. असं लिही: ‘सर, मी आपल्याच कॉलेजची, मेकॅनिकल. क्वालिटीत काम शोधते आहे. आपल्याकडे फ्रेशरला सीएमएम मशीनवर मोजमाप यावं लागतं, की ड्रॉइंग वाचन आणि मायक्रोमीटर-व्हर्निअर पुरतं? दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?’ नेमक्या प्रश्नाला माणूस आवडीने उत्तर देतो.

जागा निघाली की घाईने स्वतः अर्ज भरू नकोस. नाव आधीच सिस्टीममध्ये असेल तर बऱ्याच कंपन्या नंतरचा रेफरल धरत नाहीत. जॉब आयडी, पीडीएफ बायोडेटा आणि त्या जागेसाठी तू का योग्य आहेस याच्या तीन ओळी रेफरल देणाऱ्याला एकाच मेलमध्ये पाठव, म्हणजे त्यांना नुसतं चिकटवायचं राहील. एकाच जागेसाठी दोघांना सांगू नकोस. आठवड्याने एकदा आठवण कर, पुन्हा नको. निकाल काहीही लागो, त्यांना कळव. हे फार जण विसरतात आणि पुढच्या वेळी तोंड उघडायला लाजतात. रेफरलसाठी कुणी पैसे मागितले तर बोलणं तिथेच थांबव.

तुझ्या मामांच्या ओळखीचे एक टूलरूमवाले (डाय-मोल्ड बनवणारे) अंबडला आहेत. नंबर मी देतो, फोन तूच कर. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर कर, सकाळी शिफ्ट सुरू होताना त्यांना बोलायला फुरसत नसते.

तुझे,
बाबा